गालावरचा डाग आणि वकिलीचा अर्ज

प्रश्न : मुलीला बारावीला ७८ टक्के मिळाले. तिला वकील व्हायचं आहे. पण जन्मापासून उजव्या गालावर, पार पापणीपर्यंत लालसर-जांभळा डाग आहे. कोर्टात उभं राहणं तिला कसं जमेल? वर्षभर गॅप घेऊन लेझरने डाग काढावा, की सरळ कॉम्प्युटरला घालावं? घरी बसून नोकरी होईल. पुतण्याचा टॅटू लेझरने गेला, तसं हेही जाईल ना?
– एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमच्या दोन पानी पत्रात ‘डाग’ हा शब्द अकरा वेळा आलाय आणि मुलीची इच्छा एका ओळीत. सोबतच्या फोटोत तिचे केस उजव्या गालावर ओढून बसवलेत. ते कोणी बसवले, मी विचारत नाही. पण वादविवादात दोनदा पहिली आली असं तुम्हीच लिहिता. ती काय पडद्याआडून बोलली? चारचौघांत तिला जमतंय, अवघड तुम्हाला होतंय. आणि घरून नोकरी केली तरी मीटिंगला कॅमेरा सुरू करावाच लागतो.

आता टॅटूचं. टॅटूत शाई असते. क्यू-स्विच्ड लेझर सेकंदाच्या काही अब्जांश भागात तिचे कण फोडतं आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. मुलीच्या गालात शाई नाही. तुमच्या वर्णनावरून त्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. त्यांना बहुधा पल्स्ड डाय लेझर वापरतात, ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचं. तो प्रकाश रक्त शोषतं, तापतं आणि वाहिनी बंद पडते. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही तोच प्रकाश खातं, म्हणून अर्धवट शिकलेल्या हातून चटका बसायची भीती. सिटिंग बऱ्याच लागतात, मधे काही आठवड्यांचं अंतर, वर नागपूरचं ऊन सांभाळायचं. डाग बहुतेक वेळा फिका होतो, साफ पुसला जाणं विरळाच. यासाठी वर्ष कशाला घालवता? कॉलेज करता करता सिटिंग होतात. फक्त पुतण्या गेला त्या दुकानात नेऊ नका.

पाच वर्षांच्या लॉसाठी राज्याची सीईटी, नागपूरजवळच्या वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट, दोन्ही प्रवेश परीक्षा. टक्के आड येत नाहीत.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. असा डाग पापणीवर असला की काचबिंदूचा धोका असतो. डोळ्याचा दाब कधी तपासला? पत्रात त्याचं अक्षरही नाही. या आठवड्यात सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात डोळ्यांची ओपीडी गाठा, मग त्वचेची.

लेझरचं तिलाच विचारा. अठरा पूर्ण असतील तर संमतीपत्रावर सहीसुद्धा तिचीच लागेल.