बार्बेक्यू पेटवताना भडका का उडतो?

तुमचे प्रश्न दोन. पेटवताना ‘भप्प’ होऊन जाळ अंगावर का आला, आणि पावसात काचा लावलेल्या बाल्कनीत गॅस बार्बेक्यू वापरला तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: अजिबात नाही. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तरी नाही. बार्बेक्यूतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो दमलोय. गॅरेज, तंबू, सगळीकडे हेच. पाऊस आला तर बेत पुढे ढकला.

आता भडका. बहुतेक वेळा कारण एकच असतं: झाकण बंद ठेवून पेटवणं. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यातला प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट. तो वर उडून जात नाही, आतच साचतो. ठिणगी उशिरा पडली की साचलेलं सगळं एकदम पेटतं. माझ्या मनगटावरचे केस असेच जळाले होते, आणि तेव्हा माझी लहान मुलगी दोन पावलांवर उभी होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून आधी झाकण उघडायचं, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश, मग एकच बर्नर, आणि लगेच ठिणगी. चार-पाच सेकंदांत पेटला नाही तर सगळं बंद करून झाकण उघडंच ठेवा आणि पूर्ण 5 मिनिटं थांबा. खटक खटक बटण दाबत राहू नका, वाकून आत बघू नका.

झाकण उघडं असूनही भडका उडाला असेल, किंवा ज्योत पिवळी, आळशी दिसत असेल, तर बर्नरच्या नळ्या तपासा. बरेच दिवस पडून असलेल्या बार्बेक्यूत कोळी जाळं करतात. ते बारीकसं जाळं गॅसची वाट अडवतं आणि ज्योत बर्नरऐवजी मागे, नॉबच्या बाजूला पेटू शकते. लांब दांड्याच्या ब्रशने नळ्या साफ करा.

सिलिंडर बदलला की गळती बघायचीच. नॉब बंद, व्हॉल्व्ह उघडा, आणि भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने रेग्युलेटरच्या जोडावर व नळीच्या दोन्ही टोकांना लावा. नुसता फेस विरून जातो. गळती असेल तिथे एकाच जागी बुडबुडा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. तो दिसला की व्हॉल्व्ह बंद. काडी ओढून तपासणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून ते करू नका.

चरबीने पेट घेतला तर पाणी ओतू नका, जळतं तेल उडतं. हात पोचत असेल तर गॅस बंद करा आणि झाकण लावा. खालचा चरबीचा ट्रे दर वेळी रिकामा केलात तर ही वेळ सहसा येत नाही.

बंद करताना आधी सिलिंडर, नळीतला गॅस जळून ज्योत विझली की मग नॉब. सिलिंडर कायम उभा आणि घराबाहेर ठेवा, तळघरात तर कधीच नको.