वाचकांचे प्रश्न : क्रिप्टो फॉसेट

प्रश्न : माझी फॉसेट साइट आहे, म्हणजे जाहिराती दाखवून भेट देणाऱ्यांना थोडं बिटकॉइन फुकट वाटणारी साइट. तिथं दर क्लेमला (मागणीला) ठरावीक सातोशी (बिटकॉइनचे सर्वांत लहान भाग) देतो. गर्दी आहे, पण जाहिरातींचे पैसे पुरत नाहीत.
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : दर सातोशीत बांधला, तिथंच घोळ झाला. बिटकॉइन वधारला की तुमचा खर्च वाढतो, जाहिरातीची मिळकत मात्र तेवढीच राहते. कापसाला काय भाव मिळणार हे पाहूनच वेचाई परवडते की नाही ते कळतं. इथं जाहिरात हाच तुमचा कापूस. म्हणून दर पैशांत ठरवा आणि सातोशी किती द्यायचे ते स्क्रिप्टला दर तासाच्या बाजारभावानं काढू द्या.

समजा, हजार पानं उघडली की ₹40 मिळतात. म्हणजे पानामागे 4 पैसे, आणि एका क्लेमला दोन पानं उघडत असतील तर 8. त्यातले 4 पैसे वाटा. रेफरलला (नवा सदस्य आणणाऱ्याला) 10 टक्के दिले तर आणखी 0.4 पैसे जातात. उरलेल्यात सर्व्हर आणि खोट्या भेटींची कपात बसली पाहिजे. हिशेब डॅशबोर्डच्या आकड्यावर करू नका, खात्यात खरोखर जमा झालेल्या रकमेवर करा; जाहिरात नेटवर्क बॉटच्या (माणसाऐवजी प्रोग्रामनं दिलेल्या) भेटी नंतर वजा करतं. मोबदला देऊन जाहिराती दाखवणं गूगल अ‍ॅडसेन्सला चालत नाही, तेव्हा फॉसेटची रहदारी उघडपणे घेणारंच नेटवर्क निवडा.

2010 साली गॅव्हिन अँड्रेसन यांच्या पहिल्या फॉसेटवर माणशी 5 बिटकॉइन मिळत. तो बिटकॉइनच्या प्रसाराचा खटाटोप होता. त्याच्याशी तुलना करून दर वाढवू नका. बिटकॉइन थेट साखळीवर (ब्लॉकचेनवर) पाठवणं तर सोडाच : साध्या जुन्या पत्त्यावर 546 सातोशींहून कमी रक्कम नोड (बिटकॉइनचं जाळं चालवणारे संगणक) सहसा पुढेच पाठवत नाहीत, शिवाय शुल्क वेगळं. मायक्रोवॉलेट (बारीक रकमा साठवून एकदम पाठवणारी सेवा) वापरा, किंवा लाइटकॉइनसारखं कमी शुल्काचं नाणं घ्या.

प्रश्न : एका आयपीला (इंटरनेट पत्त्याला) एकच क्लेम ठेवला, तर गावातले बाकीचे अडकतात.
– एक वाचक, चांदूर रेल्वे (जि. अमरावती)

उत्तर : अडकणारच. मोबाइल कंपन्या एका आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. आयपीव्ही6 या नव्या पद्धतीत नेमकं उलटं : एकाच फोनला अगणित पत्ते मिळतात, म्हणून तिथं पत्त्याचे पहिले 64 बिटच मोजा. आयपीव्ही4 ला तासाची मर्यादा सैल ठेवा आणि खातं, पैसे काढायचा पत्ता व कॅप्चा (समोर माणूसच आहे ना, ही चाचणी) यांवर पकड घट्ट करा. कॅप्चाचं टोकन (चाचणी पार केल्याची खूण) सर्व्हरवरच तपासायचं, आणि एकदाच चालू द्यायचं. डेटासेंटरचे आयपी सरळ बंद करा. खरा माणूस तिथून क्वचितच येतो.

प्रश्न : रात्रीतून वॉलेट रिकामं झालं. नोंदीत एकाच खात्याचे, एकाच सेकंदातले बरेच क्लेम दिसतात.
– एक वाचक, वरोरा (जि. चंद्रपूर)

उत्तर : स्क्रिप्ट आधी मागच्या क्लेमची वेळ तपासते आणि मग नोंद करते, मधल्या फटीत दहा विनंत्या घुसल्या. तपासणी आणि नोंद एकाच डेटाबेस व्यवहारात, त्या खात्याची ओळ लॉक करून करा. फुकटात मिळालेली 'नल्ड' (परवान्याची अट काढून टाकलेली) स्क्रिप्ट असेल तर आजच काढा, त्यात मागचं दार (चोरून शिरायची वाट) असू शकतं. मग सगळ्या एपीआय की (स्क्रिप्टला वॉलेट वापरू देणारे गुप्त संकेत) बदला. नवीन की सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवा आणि फक्त तुमच्या सर्व्हरच्या आयपीवरून चालेल अशी बांधा. हॉट वॉलेटमध्ये (सतत ऑनलाइन असणाऱ्या वॉलेटमध्ये) एका दिवसाच्या वाटपापुरतीच नाणी ठेवा, बाकीची ऑफलाइन. वॉलेट घरच्या संगणकावर नको. लाइट गेली की वाटप थांबतं.