नवा सेन्सर बसवला, तरी एबीएसचा दिवा जाईना

प्रश्न : माझी हॅचबॅक २०१९ची आहे, ६२ हजार किलोमीटर झाले. महिन्यापूर्वी एबीएसचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर गेला’ असे सांगितले आणि नवा बसवला. दोन दिवस दिवा बंद राहिला, मग पुन्हा लागला. आता मेकॅनिक म्हणतो, एबीएसचे मॉड्यूलच बदलावे लागेल. हा खर्च करावा का?
— वाचक, बारामती

उत्तर : इतक्यात नाही. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि मॉड्यूल हा तिचा इलेक्ट्रॉनिक मेंदू. स्कॅनरवरचा कोड एवढेच सांगतो, की त्या चाकाकडून आलेला सिग्नल मॉड्यूलला पटला नाही. पुढच्या डाव्या चाकासाठी बऱ्याच गाड्यांत सी००३५ येतो, पुढच्या उजव्यासाठी सी००४०, मागच्या डाव्या-उजव्यांसाठी सी००४५ आणि सी००५०. काही कंपन्यांचे आकडे निराळे असतात. सेन्सर, त्याची वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), तिथून मॉड्यूलपर्यंतचे वायरिंग आणि चाकाबरोबर फिरणारे, सेन्सर ज्यावरून वेग ओळखतो ते कडे, एवढ्या सगळ्यांचा मिळून तो एक कोड. तुमच्याकडे बदलले गेले ते त्यातले एकच.

आधी दिवा कधी लागतो ते नीट पाहा. चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागतात आणि दोन-चार सेकंदांत विझतात. एबीएसचा विझलाच नाही, गाडी जागेवरून हललेलीही नाही, तर वायर तुटली आहे, शॉर्ट आहे किंवा सेन्सरला करंट पोचत नाही. दिवा विझला आणि गाडी दहा-वीसच्या वेगाला गेल्यावर पुन्हा लागला, तर वायर बहुधा शाबूत आहे पण सिग्नल फाटका येतो आहे: सेन्सर आणि कडे यांच्यातली फट वाढली आहे, कडे खराब आहे किंवा बेअरिंग ढिले आहे. आणि वळण घेताना किंवा खड्ड्यात आदळल्यावर लागत असेल, तर चाकाजवळची वायर तपासायची. दोन दिवस बरा राहून परतलेला दिवा आम्हाला या तिसऱ्या प्रकारातला वाटतो.

पुढचे चाक वळते आणि वर-खालीही होते, त्यामुळे तिथली वायर रोज शेकडो वेळा वाकते. वरचे आवरण धड दिसते, आत तांब्याचे धागे तुटलेले असतात. गाडी सरळ उभी असताना टोके जुळलेली, म्हणून वायर तपासायचा मल्टिमीटर ‘ठीक’ म्हणतो. खरी तपासणी अशी: स्कॅनरवर चारही चाकांचा वेग दाखवणारे पान उघडा, दुसऱ्या कोणाला तरी मोकळ्या रस्त्यावर सरळ वीसच्या वेगाने गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसून आकडे पाहा. चारही एकमेकांच्या ताशी एक किलोमीटरच्या आत हवेत. मग हळू वेगात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. वळणावर बाहेरच्या चाकाचा आकडा आतल्यापेक्षा जास्त येणारच, त्याने दचकू नका. पण एखादा आकडा मध्येच शून्यावर आपटला तर ते चाक सापडले. स्कॅनर मात्र एबीएसचे मॉड्यूल वाचणारा हवा. मोबाइलला जोडायची ब्लूटूथची स्वस्त डबी बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचते आणि एबीएसचा दिवा लागलेला असताना ‘दोष नाही’ असे छातीठोकपणे सांगते.

आता मीटर. सेन्सर दोन जातींचे. जुन्या गाड्यांतला पॅसिव्ह, म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तारेची कॉइल. त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, साधारण ८०० ते २,५०० ओहम, आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरी फिरवले तर वोल्टच्या दहाव्या हिश्शापासून पुढे काहीतरी दिसलेच पाहिजे. तुमच्या गाडीत बहुधा दुसरी जात आहे, अ‍ॅक्टिव्ह. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असते, ती मॉड्यूलकडून वीज घेते आणि समोरून चुंबकाचे ध्रुव सरकतील तसा करंट ७ मिलिअँपिअर, १४ मिलिअँपिअर असा बदलत राहते. याला ओहम लावून काही कळत नाही. ‘ओहम दाखवत नाही, सेन्सर मेला’ असे कोणी म्हणाले तर त्याला ही जातच ठाऊक नाही असे समजा.

अ‍ॅक्टिव्ह सेन्सरसाठी क्रम असा ठेवा. कपलर सोडवा, चावी ऑन करा, गाडीकडच्या दोन टोकांत डीसी व्होल्ट मोजा. बहुतेक गाड्यांत बॅटरीइतके, १२च्या आसपास येतात, काहींत कमी. शून्य आले तर लगेच मॉड्यूलला दोष देऊ नका: दोष दिसल्यावर काही मॉड्यूल त्या चाकाचा पुरवठा स्वतःहून तोडतात, म्हणून चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि तेव्हाच मोजा. पुरवठा येत असेल तर कपलर जोडून, एकाच वायरमध्ये मीटर मिलिअँपिअरवर एकसर जोडणीत (सिरीजमध्ये) घाला. एकसरच, दोन वायरींच्या आडवा लावलात तर मीटरचा फ्यूज उडेल. चाक जॅकवर, गाडी स्टँडवर टेकवलेली, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे. चाक बोटभर-बोटभर फिरवा. आकडा ७, १४, ७, १४ असा उड्या मारत असेल तर सेन्सर आणि कडे दोन्ही जिवंत आहेत. तसेच मीटर ठेवून वायर शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या क्लिपपासून, चाक ज्यावर बसते त्या हबपर्यंत वाकवत, किंचित ओढत या. जिथे आकडा शून्य होतो तिथे वायर तुटलेली आहे.

कपलरच्या आतही डोकवा. पिनेवर हिरवा चट्टा दिसला तर पाणी शिरले आहे. वाकणाऱ्या भागात तुटलेल्या वायरीला जोड देऊ नका, तो महिन्याभरात सुटतो; तिथे वायरीसकट नवा सेन्सर हाच उपाय. तुमचा नवा सेन्सर जुन्या वायरीला कापून जोडला आहे का, तेही पाहून घ्या. असला जोड आणि वर नुसती काळी टेप असेल तर आणखी शोधायची गरजच नाही. हे सगळे ठीक निघाले आणि तरीही स्कॅनरवर ते चाक शून्यच दाखवत असेल, तेव्हा मॉड्यूलचे बोलू.

प्रश्न : दिवा लागत नाही, स्कॅनरवर कोडही नाही. पण सिग्नलला गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये, ब्रेकचे पेडल पायाखाली ठकठक करते आणि करकर आवाज येतो. रस्ता कोरडा असतो. डिस्क आणि पॅड नवे टाकले, फरक नाही.
— वाचक, मालवण

उत्तर : पॅड-डिस्कचा यात संबंध नव्हता. एबीएस चुकून काम करते आहे. गाडी ताशी दहा-पंधरावर आली की एका चाकाचा सिग्नल इतका क्षीण होतो, की मॉड्यूलला वाटते ते चाक जाम झाले, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडू लागते. थांबण्याचे अंतर त्यामुळे वाढते, म्हणून चालढकल नको.

किनाऱ्यावर याचे कारण बहुतेक वेळा गंज. नकलमध्ये, म्हणजे चाकाचे बेअरिंग धरणाऱ्या भागात, सेन्सर ज्या भोकात बसतो तिथे गंजाचा थर फुगतो आणि सेन्सरला हळूहळू वर उचलतो. सेन्सर आणि कडे यांच्यातली फट अनेक गाड्यांत एक मिलिमीटरच्या आसपासच असते, त्यामुळे अर्धा मिलिमीटर गंजही पुरतो. जिथे एक्सलवर दातेरी कडे असते तिथे कड्याखालचा गंज फुगून कडेच तडकते. तडकलेल्या जागी दोन दातांमधले अंतर वाढते आणि चाकाच्या दर फेरीला एकदा सिग्नल चुकतो. चाक उचलून फिरवताना टॉर्चच्या उजेडात कड्याची पूर्ण फेरी पाहा; सुरुवातीच्या दातावर खडूची खूण करा, नाहीतर तडा नजरेतून सुटतो.

सेन्सर काढताना घाई केली की तो तुटतो. बोल्ट सहसा दहाच्या पान्याचा. गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटे थांबा, बोल्ट काढा, सेन्सरची पट्टी डावी-उजवी हलवत सेन्सर सैल करा. प्लास्टिकला पकडीने पिळलेत की डोके हातात आणि बूड आत राहते. बुडखा मागून हातोडीने ठोकू नका, खाली बेअरिंगचे चुंबकी कडे असते. निघाल्यावर भोक आणि बसण्याची जागा तारेच्या ब्रशने किंवा एमरी पेपरने धातू दिसेपर्यंत घासा, पडलेला चुरा व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने उचला. नुसती हवा मारली तर तो जाऊन चुंबकावर चिकटतो. तांब्याची किंवा ग्रॅफाइटची ग्रीस नको. सिरॅमिक ग्रीसचा पातळ हात फक्त बसण्याच्या जागेला द्या, सेन्सरच्या टोकाला नाही. बोल्ट आठ ते दहा न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर. सेन्सर नीट खाली टेकत नसेल तर बोल्ट आवळून त्याला बसवू नका, पुन्हा घासा.

ही कामे चारही चाकांना करा. एक गंजले आहे तर बाकीची तीन काही फार मागे नसतात.

प्रश्न : पुढचे उजवे बेअरिंग गुंगत होते म्हणून बदलले. गॅरेजमधून बाहेर पडून पाचशे मीटर गेलो नाही तोच एबीएसचा दिवा लागला. सेन्सरला त्यांनी हातही लावला नाही म्हणतात.
— वाचक, नाशिक

उत्तर : हात लावलाही नसेल. बेअरिंग उलटे बसले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. आजच्या बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी कडे असते, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण ध्रुवांचे. समजा त्यात ४८ जोड्या आहेत. १८५/६५ आर१५ टायरचा घेर १.९५ मीटर; ताशी ४०ला चाक सेकंदाला ५.७ फेऱ्या मारते, म्हणजे सेन्सरकडून सेकंदाला सुमारे २७० ठोके जायला हवेत. चुंबकाची बाजू सेन्सरच्या विरुद्ध तोंडाला बसली तर एकही जात नाही. बिनचुंबकाचे, दिसायला तसेच, मापालाही तेच बेअरिंगही बाजारात मिळते; त्याचाही परिणाम हाच.

ओळखायचे कसे? सेन्सर काढा आणि त्या भोकातून दोऱ्याला बांधलेली स्टीलची टाचणी आत सोडा. चुंबकी कड्याकडे ती ओढली जाते. मात्र गंजलेल्या किंवा चुंबकत्व आलेल्या लोखंडालाही ती थोडी चिकटू शकते, म्हणून संशय राहिला तर ७-१४ मिलिअँपिअरची वरची चाचणी करा. आकडा एकाच जागी खिळून राहिला तर बेअरिंग बाहेर काढावे लागेल, आणि प्रेसने दाबून काढलेले बेअरिंग पुन्हा वापरायचे नसते. नवे आणताना दुकानातच दोन्ही तोंडांना टाचणी लावून पाहा. बेअरिंग जुन्या स्पीकरजवळ किंवा चुंबकी ट्रेमध्ये ठेवू नका. ध्रुवांची आखणी बिघडते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : तीन आठवडे गावी होतो, गाडी अंगणात उभी. परतल्यावर एबीएस आणि हिल होल्डचे (चढावर गाडी मागे घसरू न देणाऱ्या सोयीचे) दिवे लागले. दोन्ही मागच्या चाकांचे कोड आहेत.
— वाचक, वर्धा

उत्तर : उंदीर. दोन सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत. मागच्या चाकांपासून गाडीखालून सीटखाली जाणारी वायर पूर्ण पाहा. काही गाड्यांत कपलर मागच्या सीटच्या गादीखाली असतो. ही वायर फारशी वाकत नाही, म्हणून इथे जोड चालतो: दोन वायरींचे जोड एकासमोर एक न येता दोन बोटे पुढे-मागे, सोल्डर, आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, आणि दोन्ही वायरींना मूळचा पीळ परत द्या. तो पीळ शोभेसाठी नसतो, बाजूच्या वायरींतला गोंगाट सिग्नलमध्ये येऊ नये म्हणून असतो.

चारही चाकांचे कोड एकदम आले असते, तर उंदराच्याही आधी बॅटरी मोजायला सांगितली असती. बॅटरी खूप उतरली की मॉड्यूल सगळ्यांवरच संशय घेते.

प्रश्न : एबीएसचा दिवा लागलेला असताना आंबोली घाटातून कोल्हापूरहून पणजीला जावे का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : फक्त पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक पूर्ण लागतो, एबीएस तेवढे नाही. ओल्या घाटात जोरात दाबला की चाक जाम होऊन घसरेल. अंतर दुप्पट ठेवा, उतारावर खालचा गिअर, चाक घसरलेच तर पाय क्षणभर उचलून पुन्हा दाबा. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर जाऊ नका. हँडब्रेक सुटला आहे ना आणि ब्रेक ऑइल भरलेले आहे ना, ते पाहा. दोन्ही ठीक असतील तर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी सोय) बंद पडले असण्याची शक्यता आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते.

प्रश्न : स्टेपनी १४ इंची, बाकी चाके १५ इंची. ती लावली तर एबीएस गोंधळेल का?
— वाचक, सोलापूर

उत्तर : सेन्सरला रिम दिसत नाही, फेऱ्या दिसतात. १८५/६५ आर१५चा बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर आणि १६५/८० आर१४चा ६१९.६, फरक एक टक्क्याचाही नाही, खुशाल लावा. उलट १५ इंचीच पण १८५/६०चा टायर एका चाकाला बसवलात तर व्यास ६०३ होतो आणि बाकीची साठ दाखवत असताना ते चाक जवळजवळ ६२ दाखवते. दिवा लगेच लागेलच असे नाही, पण चाकांच्या फेऱ्यांवरून हवेचा दाब ओळखणारी गाडी असेल तर त्या चाकात हवा कमी असल्याची तक्रार ती करत राहील.