‘कार्यशून्य’ नको, ‘जॉबचे शून्य’ म्हणा

प्रश्न असा आहे: सीएनसी मिलिंगच्या (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या मशीनच्या) सूचना मराठीत लिहायच्या आहेत; ‘वर्क झिरो’ला, म्हणजे तुकड्यावरची मापे जिथून मोजतात त्या बिंदूला, ‘कार्यशून्य’ आणि ‘टूल हाइट’ला ‘अवजाराची उंची’ लिहिले तर चालेल का?

पहिला शब्द चालणार नाही. ‘शून्य’ समासाच्या शेवटी आले की मराठीत त्याचा अर्थ ‘नसलेला’ असा होतो: विचारशून्य, अर्थशून्य, संवेदनाशून्य. ‘कार्यशून्य’ त्याच रांगेत जाऊन बसतो आणि वाचणाऱ्याला ‘ज्यात काही कामच नाही असा’ एवढेच कळते. ‘मशीन झिरो’साठी, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या पक्क्या शून्यासाठी, ‘यंत्रशून्य’ लिहिले तरी तीच गत. शिवाय इथे ‘वर्क’ म्हणजे कार्य नव्हेच; तो वाइसमध्ये पकडलेला तुकडा आहे, आणि मशीनवर त्याला ‘जॉब’ म्हणतात. म्हणून ‘जॉबचे शून्य’ आणि ‘मशीनचे शून्य’ लिहा. षष्ठी लावली की घोटाळा मिटतो. भूमितीतला ‘आरंभबिंदू’ अर्थाने अचूक आहे. समजावून सांगताना एकदा जरूर वापरा.

मला या विषयात सर्वांत मोलाची वाटतात ती क्रियापदे. ड्रॉइंग बघताना आपण विचारतो, ‘झिरो कुठे धरलाय?’ कोपऱ्यात की मध्यावर, हा ठरवण्याचा भाग आहे. ‘गृहीत धरणे’मधलाच हा ‘धरणे’. मशीनवर मात्र झिरो ‘घ्यावा’ लागतो, शिंपी माप घेतो तसा. १० मिमी व्यासाचा एजफाइंडर (कड शोधायचे साधन) जॉबच्या डाव्या कडेला टेकला, तेव्हा स्पिंडलचा (टूल धरून फिरवणाऱ्या दांड्याचा) मध्य कडेपासून ५ मिमी अलीकडे असतो. ते ५ मिमी वाचनात मिळवल्यावरच कडेचा खरा एक्स मिळतो आणि तो जी५४च्या रकान्यात, म्हणजे जॉबचे शून्य जिथे नोंदवतात तिथे, जातो. ‘झिरो करणे’ म्हणजे पडद्यावरचा सापेक्ष आकडा पुसून शून्यावर आणणे. त्याने जी५४मध्ये काहीच बदलत नाही. सूचनेत ‘घ्या’च्या जागी ‘करा’ लिहिले, तर नवखा माणूस तेवढेच करून पुढे जाईल.

आता उंची. उंची जमिनीपासून वर मोजतात, आणि टूल तर वरून खाली लोंबते. झुंबराची उंची म्हटल्यावर ते जमिनीपासून किती वर आहे की स्वतः केवढे आहे, असा प्रश्न पडतोच. इथेही तसेच होते. स्पिंडलच्या संदर्भरेषेपासून टोकापर्यंत टूल १२५.३०० मिमी भरले, तर ती ‘लांबी’. पण पुष्कळ जण टूल थेट जॉबच्या माथ्याला टेकवून मशीनच्या शून्यापासूनचे अंतर एच रकान्यात (टूलच्या मापाच्या रकान्यात) भरतात, समजा -३१२.४५०. उणे उंची कोणाची असते? हे ‘टेकअंतर’ आहे. (हा शब्द मी सुचवतोय; याहून बरा सापडला तर तो घ्या.)

हा भेद कागदावर स्पष्ट राहायलाच हवा, कारण दोन पद्धतींत जी५४चा झेड (उभ्या दिशेचा आकडा) वेगळा असतो. टेकअंतर भरले तर तो ०. लांबी भरली तर याच मांडणीत तो -४३७.७५०, म्हणजे १२५.३०० मिळवल्यावर पुन्हा -३१२.४५०. लांबीच्या पद्धतीचा झेड आणि टेकअंतराचा एच एकत्र आले की बेरीज -७५०.२०० होते. मग नशिबाने मर्यादेचा अलार्म येतो, नाहीतर जी४३ची (एचचा आकडा लागू करणाऱ्या आज्ञेची) ओळ चालताच टूल जॉबात घुसते.

तेव्हा रकान्याचे नाव ‘टूलची लांबी’ किंवा ‘टूलचे टेकअंतर’, जी पद्धत असेल ते. बोलताना सगळे ‘हाइट’च म्हणतील, म्हणू द्या, समोर मशीन असते आणि विचारता येते. छापील सूचनेला मात्र उलट प्रश्न विचारता येत नाही.