सोसायटीत एक तास लाइट बंद ठेवायचा कार्यक्रम कसा करावा? त्याने खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की ८० घरांची सोसायटी आहे, पर्यावरणासाठी एक संध्याकाळ सगळ्यांनी दिवे मालवायचे असं ठरवताय, घरटी दोन मेणबत्त्या वाटायचा विचार आहे आणि कमिटीतले एक काका म्हणतायत की हा सगळा दिखावा आहे, वीज काही वाचत नाही. काकांचं अर्धं बरोबर आहे, ते आधीच कबूल करून टाका म्हणजे मीटिंगमधला अर्धा तास वाचेल. आम्ही आमच्याकडे हे तीनदा केलंय, पहिल्यांदा पार फसलं, दुसऱ्यांदा बरं झालं, तिसऱ्यांदा लोकच विचारायला लागले की यंदा कधी, तेव्हा खाली जे लिहितोय ते बहुतेक सगळं चुकून शिकलेलं आहे.

आधी हिशोब करून बघा. एका घरात संध्याकाळी पाच दिवे चालू धरले, प्रत्येक ९ वॉटचा एलईडी, तर घराला ४५ वॉट, ८० घरांचे ३,६०० वॉट, म्हणजे एका तासाचे साडेतीन युनिटच्या वर थोडंसं. दीड टनाचा एकच एसी दोन-अडीच तास चालला की तेवढे युनिट गेले. जुने ६० वॉटचे पिवळे बल्ब होते तेव्हा हाच आकडा सहा-सात पट होता, आता दिवे हे घरातल्या कमी खाणाऱ्या मेंबरांपैकी आहेत. त्यामुळे पोस्टरवर ‘चला वीज वाचवूया’ असं लिहू नका, कोणीतरी हिशोबी माणूस ग्रुपवर हे गणित टाकणार आणि तुमची हवा जाणार. आमची गेली होती.

हा कार्यक्रम कशासाठी करायचा तर त्या एका तासात लोकांना एरवी न दिसणाऱ्या दोन गोष्टी दाखवता येतात. एक म्हणजे आपला मीटर आणि दुसरं आकाश. बाकी गाणी, भाषणं, शपथ वगैरे हवं तर ठेवा, पण शपथ घेऊन कोणी सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मेणबत्त्यांचा विचार मात्र सोडून द्या, प्लीज. साधी मेणबत्ती तासाला पाच ते सात ग्रॅम मेण जाळते, ते मेण खनिज तेलापासूनच बनतं, आणि एक ग्रॅम मेण जळलं की साधारण तीन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे तासाला पंधरा ते वीस ग्रॅम. उलट तुमची वीज पूर्ण कोळशाची आहे असं धरलं तर एका युनिटमागे साधारण एक किलो, म्हणजे ९ वॉटच्या दिव्याला तासाला ९ ग्रॅम. आणि तो दिवा मेणबत्तीच्या साठ-सत्तर पट उजेड देतो! म्हणजे एक दिवा मालवून दोन मेणबत्त्या लावल्या की पर्यावरणाच्या नावाने आपण धूर वाढवला, वर पडद्यांना आगीची भीती वेगळीच. पहिल्या वर्षी आम्ही शंभर मेणबत्त्या वाटल्या होत्या, दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळीकडे मेण सांडलेलं, सफाईवाल्या मावशी आठवडाभर ते खरवडत होत्या आणि आमच्याकडे बघून काही बोलत नव्हत्या, जे जास्त वाईट होतं.

पहिल्या वर्षीचा दुसरा घोळ लिफ्टचा. मेसेजमध्ये मीच लिहिलं होतं ‘सगळं बंद करा’, आणि उत्साही पोरांनी सगळं म्हणजे सगळं समजून एका विंगचा मेन स्विचच खाली ओढला. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आत एक आजोबा, हातात औषधांची पिशवी. वीस मिनिटं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले की कळवलं असतंत तर जिन्याने आलो असतो. तेव्हापासून मेसेज असा जातो, तुम्ही जसाच्या तसा घ्या: ‘शनिवारी रात्री ८:३० ते ९:३० फक्त घरातले दिवे आणि टीव्ही बंद. पंखे, फ्रिज, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, कॅमेरे चालू राहतील. मेन स्विचला कोणीही हात लावायचा नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी कारण सांगायची गरज नाही.’

ते शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. दुसऱ्या वर्षी आमच्यातलाच एकजण खाली उभा राहून ओरडत होता, ‘बी विंग, तिसरा मजला, लाइट बंद करा!’ त्या घरात एक बाई आजारी होत्या, ऑक्सिजनचं मशीन चालू होतं, त्यांच्या मुलाला गॅलरीत येऊन सगळ्यांसमोर ते सांगावं लागलं. कोणाचं मशीन असतं, कोणाचं तान्हं बाळ, कोणाची दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि काहींना मॅच बघायची असते, ठीक आहे, बघू दे. ८० पैकी ५० घरं आली तरी अंधार पुरेसा होतो.

आता मीटरचं सांगतो, सगळ्यात मजा त्याची आहे. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो, आणि मीटरच्या पुढच्या पट्टीवर एका युनिटला किती पल्स (म्हणजे किती वेळा लुकलुकणार) ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं पण आपापल्या मीटरवर वाचून घ्या. ३२०० असेल तर तो दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला म्हणजे त्या क्षणी घरात साधारण ११०० वॉट जातायत, अकरा सेकंदांनी एकदा लुकलुकला म्हणजे १०० वॉट. एरवी हे कोणी बघत नाही कारण घरात दहा गोष्टी चालू असतात आणि आकड्याला अर्थ नसतो, पण त्या तासात लोकांना वाटत असतं की आपलं तर आता जवळजवळ सगळं बंद आहे. तेव्हा त्यांना मीटर रूममध्ये न्यायचं, मुलांच्या हातात घड्याळ द्यायचं आणि मोजायला लावायचं. (मीटर रूममध्ये मुलांना एकटं सोडू नका, कोणीतरी मोठं माणूस दारात उभं पाहिजे, आणि काही म्हणजे काही हाताळायचं नाही, नुसतं बघायचं.)

आमच्याकडे एका काकूंचा मीटर सेकंदाला जवळपास दोनदा भकभक करत होता. काकू म्हणे शक्यच नाही, मीटर खराब आहे, मी सगळं बंद करून आलेय. त्यांची नात म्हणाली आज्जी थांब, वर पळाली, आणि दोन मिनिटांनी आमच्या डोळ्यांदेखत तो लाल दिवा एकदम शांत झाला, मग सात-आठ सेकंदांनी एकदा. पाहुण्यांच्या बाथरूममधला गीझर सकाळपासून चालू राहिला होता. गंमत म्हणजे त्या तासात काकूंनी मालवलेल्या दिव्यांचे ४५ वॉट आणि त्या गीझरचे २,००० वॉट. त्या दिवशी मीटर रूमच्या बाहेर लाइन लागली, लोक आपापला मीटर बघायला आले आणि घरी फोन करून ‘ते बंद कर, आता हे बंद कर’ असं चाललं होतं. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स हा त्यातला छुपा रुस्तम, टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो बऱ्याच घरांत १० वॉटच्या आसपास खात बसतो, रात्रंदिवस. ८० घरांत असा एकेक धरला तर दिवसाला १९ युनिट होतात. अंधारात बसून एका तासात साडेतीन वाचवले आणि इकडे रोज एकोणीस जातायत, हे त्या काकांना सांगा, त्यांना आवडेल.

आकाशाचं मात्र सगळं तारखेवर आहे. अर्थ अवर, म्हणजे एक तास दिवे बंद ठेवायचा जागतिक कार्यक्रम, तुम्हाला माहीत असेलच, ३१ मार्च २००७ ला सिडनीत डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग संवर्धन संस्थेने सुरू केला, पुढच्या वर्षीपासून जगभर पसरला, आणि तो बहुतेक मार्चच्या शेवटच्या शनिवारी रात्री ८:३० ला असतो, कारण त्या सुमारास दिवस-रात्र जवळपास सारखे असल्याने दोन्ही गोलार्धांत तेव्हा अंधार झालेला असतो. काही वर्षी तो एखादा शनिवार अलीकडेही येतो. त्या दिवशी केलं तर प्रसिद्धी आयती मिळते, पण तो शनिवार पौर्णिमेच्या जवळ पडला तर तुमचे दिवे बंद असून चंद्राचाच फ्लडलाइट. मी तर म्हणेन अर्थ अवरचा हट्ट सोडा आणि वद्य सप्तमी ते अमावस्या यातला कुठलाही शनिवार धरा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्यामुळे या दिवसांत तुमचा कार्यक्रम संपेपर्यंत तो येतच नाही.

आणि लोकांना गच्चीवर नेलंत (कठडा नीट असेल तरच) तर एक तास पुरत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि मध्ये एकाने मोबाईल काढला की त्याची नि शेजारच्याची सगळी मेहनत पाण्यात. आम्ही दाराशीच सांगतो की मोबाईल खिशात, आणि दोन-तीन टॉर्चना लाल जिलेटीन कागद लावून ठेवतो, लाल उजेडाने डोळे तेवढे बिघडत नाहीत. मार्चच्या संध्याकाळी पश्चिमेला मृग नक्षत्र असतं, त्यातले तीन तारे ओळीत, तो बाण, आणि त्याच रेषेत पुढे गेलं की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तेवढं दाखवता आलं तरी पुरे, खगोलशास्त्रज्ञ आणायची गरज नाही. रस्त्यावरचे दिवे आपल्या हातात नाहीत त्यामुळे आकाशगंगा दिसेल वगैरे आश्वासन देऊ नका. २०१६ च्या एका जागतिक नकाशाप्रमाणे तीनात एका माणसापेक्षा जास्त लोकांना ती राहत्या ठिकाणाहून दिसतच नाही. १९९४ साली लॉस एंजेलिसला पहाटे भूकंप झाला, शहरभर वीज गेली, तर तिथल्या वेधशाळेत लोकांचे फोन की आकाश आज असं विचित्र का दिसतंय. मुलांना हा किस्सा सांगा, हमखास चालतो.

हां, ग्रुपवर एक फॉरवर्ड नक्की येईल की सगळ्यांनी एकदम लाइट बंद केले तर ग्रिड, म्हणजे देशभर वीज पोहोचवणारं जाळं, बसते. भारतात ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला देशभर नऊ मिनिटं दिवे बंद झाले होते, तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटने घसरली, अंदाजापेक्षा दुपटीहून जास्त, तरी ग्रिड सांभाळली गेली, कारण जलविद्युत केंद्रं झटपट कमी-जास्त करता येतात आणि ती तयारी आधीच करून ठेवली होती. तुमचे साडेतीन किलोवॉट ग्रिडला कळणारसुद्धा नाहीत.

तुमच्या काकांचं उरलेलं अर्धं, म्हणजे दिखावा. दुसऱ्या दिवशी काहीच बदललं नाही तर तो दिखावाच, त्यात वाद नाही. आमच्याकडे गच्चीवरून सगळ्यांनी एक गोष्ट पाहिली, घरं अंधारात, आणि आमच्याच गेटवरचा हॅलोजन वर ढगांकडे तोंड करून जळतोय, भोवती किड्यांचं मोहोळ. कोणाला काही समजावावं लागलं नाही, पुढच्या मीटिंगला तो काढून खाली तोंड असलेला, वर झाकण असलेला एलईडी बसला, पार्किंगमध्ये सेन्सर आले, शोभेचे दिवे रात्री अकराला बंद व्हायला लागले. ठराव पाच मिनिटांत पास, आमच्या सोसायटीत हा रेकॉर्ड आहे. त्यामुळे मीटिंग कार्यक्रमानंतरच्या आठवड्यातच ठेवा, महिनाभराने ठेवलीत तर सगळे विसरलेले असतात.

आणि मीटर रूमच्या दारावर एक मोठा कागद आधीच चिकटवून ठेवा, फ्लॅट नंबर, किती सेकंदांनी लुकलुकला, काय सापडलं असे तीन रकाने. पेन्सिल दोरीने बांधा, आमचं पेन पहिल्या दहा मिनिटांतच गेलं होतं.