जपानमधली नोकरी: कामावर पहारा चालेल, वेळेवर नको

जपानी भाषेची एन थ्री परीक्षा पास झालात, हिंजवडीतली नोकरी सोडून नागोयाची ऑफर घ्यायचा विचार आहे, पण ‘तिथले मॅनेजर श्वास घेऊ देत नाहीत’ हे ऐकून घरचे बिचकलेत, जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी कोथरूडचा, नागोयातच नोकरी करतो. जरूर या, पण करार नीट वाचून.

ऐकलंय त्यात तथ्य आहे. इथे ‘होरेन्सो’ पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडतात: अहवाल द्या, कळवत राहा, विचारून करा. सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जच्या (कॉन्फिग) फाइलमधली एक ओळ बदलायची तरी आधी कारण लिहायचं, टेस्टचे स्क्रीनशॉट एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवायचे, मग खालपासून वरपर्यंत मंजुरी. पुण्यात दुपारच्या चहाआधी उरकलं असतं ते काम इथे आठवडा खातं. पहिलं वर्ष जड जातं, हुशार माणसाला तर जास्तच. आपल्यावर भरवसाच नाही असं वाटत राहतं.

पण त्याच मंजुरीमुळे रात्री सिस्टिम बंद पडली तर आमच्याकडे एकट्या ज्युनियरला धारेवर धरत नाहीत, कारण वरच्यांचे शिक्केही त्यावर असतात. आणि नवख्याला शिकवतात मनापासून. माझं टेस्टिंग इथेच पक्कं झालं.

वेळेवरचा ताबा मात्र सोसू नका. साहेब उठेपर्यंत कुणी उठत नाही, अशी ऑफिसं अजून आहेत. करारात ‘मिनाशी झांग्यो’ आहे का बघा, म्हणजे पगारातच धरलेला ओव्हरटाइम, आणि तो किती तासांचा. त्यावरच्या तासांचे पैसे वेगळे मिळायलाच हवेत. कायद्याची मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास. कंपनीचा कामगारांच्या प्रतिनिधींशी तसा खास करार असला तर वर्षाला ७२० पर्यंत जाते. तसा करार आहे का, हे स्पष्ट विचारा. टीम किती वाजता निघते, गेल्या वर्षी लोकांनी किती रजा घेतल्या, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ती ऑफर सोडा.

अडकून पडायची भीती असेल तर घरच्यांना एवढं सांगा: कायमस्वरूपी नोकरी सोडायला कायद्याने दोन आठवड्यांची नोटीस पुरते. आपल्याकडच्या ९० दिवसांच्या नोटिशीपुढे हे फारच सुसह्य. साध्या इंजिनियर व्हिसावर त्याच प्रकारच्या कामात कंपनी बदलता येते, फक्त १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. ‘हायली स्किल्ड’ म्हणजे उच्च कौशल्यवाल्यांसाठीच्या व्हिसाचा पहिला प्रकार मात्र कंपनीशी बांधलेला असतो, तिथे बदलाआधी परवानगी लागते. तुमच्या ऑफरमध्ये कुठला व्हिसा आहे, ते एचआरकडून लेखी घ्या.