अक्कलदाढ काढू की नको?

"दुखत नाही, मग कशाला काढायची?" नाहीतर "डॉक्टर म्हणतात तर टाका काढून एकदाची." अक्कलदाढेच्या बाबतीत माझ्याकडे सल्ला विचारायला येणारे लोक बहुतेक या दोनच वाक्यांत बोलतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीत मला भेटायला आलेली तेवीस वर्षांची मुलगी मात्र दोन्ही वाक्यं आलटून पालटून म्हणत होती. दंतवैद्याकडची तारीख तिने दोनदा रद्द केली होती.

सोबत आई. आईचं म्हणणं, दाढ काढली की नजर जाते. सासूबाईंचं तसंच झालं. दाढेचा आणि नजरेचा संबंध नाही, पण सासूबाईंच्या दाढा काढल्या त्या वयात मोतीबिंदूही होतोच. हे मी आईंचं सगळं बोलून झाल्यावर सांगितलं, आधी नाही.

मग मुलीला एकटीला विचारलं, "मिसळ कुठल्या बाजूने खातेस?"

"उजव्या. डावीकडं कट गेला की झोंबतोय."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

तेव्हा शिमगा जवळ आला होता. मधल्या काळात दोनदा हिरडी सुजून तोंड उघडेनासं झालेलं, गोळ्यांवर दाबलेलं. 'दुखत नाही' म्हणतात ते हे असं.

एक्स-रे तिच्या पिशवीतच होता. खालची डावी दाढ पुढच्या दाढेवर रेललेली, एसटीत शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या प्रवाशासारखी. अशा फटीत घास अडकतो, ब्रश पोचत नाही आणि पुढची चांगली दाढ किडते. तिची किडायला लागलीच होती; डॉक्टरांनी तिथे पेनने गोल केला होता. बाकीच्या तिन्ही अक्कलदाढांबद्दल काहीच तक्रार नव्हती, तरी काढायच्या ठरल्या होत्या चारही.

"मग अडलंय कुठे?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मावशीचा ओठ बधिर झालता, मॅडम. चहा सांडायचा, कळायचं न्हाई. मी भ्यालोय." (आमच्या कोल्हापुरात मुली 'भ्यालोय'च म्हणतात.)

ही भीती खोटी नव्हे. खालच्या जबड्यातून ओठाला जाणारी नस कधी कधी मुळांना अगदी खेटून असते. बधिरपणा बहुधा काही आठवड्यांत, महिन्यांत जातो, क्वचित राहतोही. म्हणून "काही होत नाही गं" असं मी म्हणाले नाही. वहीत दोन प्रश्न लिहायला लावले: माझी नस मुळापासून किती लांब आहे? आणि बाकीच्या तीन का काढायच्या? दुसरा प्रश्न विचारायला ती लाजत होती. मी सांगितलं, कुठला उपचार कधी करावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००० सालीच म्हटलंय की त्रास नसलेल्या, अडकलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नयेत. विचारण्यात उद्धटपणा नाही.

डॉक्टरांनी थ्रीडी स्कॅन करून नस लांब असल्याचं दाखवलं. एकच दाढ काढायची, तिघींवर नजर ठेवायची असं ठरलं.

काढली त्या दिवशी संध्याकाळी फोन आला. कापसाचा बोळा तोंडात, शब्द धड फुटत नव्हते.

"मॅडम, इंजेक्शन उतरलं. ओठाला चिमटा काढून बघितलो. लई दुखलं!"